पहिला परदेश प्रवास व्हिएतनामचा: पैसे नेमके कुठे गळतात

स्वस्त देश निवडला की सहल आपोआप स्वस्त होते, असं पहिल्यांदा परदेशी निघणाऱ्या बहुतेकांना वाटतं. व्हिएतनाम स्वस्त आहेच. फूटपाथवरच्या प्लास्टिकच्या बुटक्या स्टुलावर बसून दोनशे रुपयांच्या आत पोटभर जेवता येतं. पण तिथे उतरण्याआधीच चुकीची तारीख, एजंटचा व्हिसा, चुकीचं कार्ड आणि जड बॅग यांत इतके पैसे गेलेले असतात की पुढे जेवणात चाळीस रुपये वाचवून काही उपयोग होत नाही. म्हणून या लेखातला निम्मा भाग घरी बसून करायच्या कामांचा आहे.

डोळ्यांपुढे धरलेत दोन प्रवासी, साधारण १० दिवस, मुंबईहून जाणं-येणं आणि टूर कंपनीशिवाय प्रवास. दर सगळे अंदाजे आहेत, थोडे वर-खाली होतील असं धरून चाला.

पासपोर्ट आणि नावाची भानगड

साधा ३६ पानी पासपोर्ट १,५०० रुपयांत निघतो, तत्काळला वर २,००० लागतात. सहल सहा महिन्यांवर असेल तर तत्काळची गरज नाही आणि एजंटची तर मुळीच नाही. अर्ज पासपोर्ट सेवेच्या सरकारी संकेतस्थळावर भरायचा, वेळ घ्यायची, कागद घेऊन जायचं. आता अनेक गावांत मोठ्या पोस्टातही हे काम होतं. पासपोर्ट आधीपासून असेल तर प्रवासाच्या तारखेनंतर किमान सहा महिने मुदत शिल्लक आहे ना, ते आजच बघा.

आपल्याकडे पहिल्या नावाच्या रकान्यात स्वतःचं नाव आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव असं दोन्ही छापलेलं असतं. तिकीट काढताना लोक मधलं नाव गाळतात, व्हिसाच्या अर्जात मात्र ते लिहितात. मग काउंटरवर वाद होतो आणि नावदुरुस्तीचे पैसे भरावे लागतात. पासपोर्टवर जसं आहे तसंच, अक्षर न् अक्षर, दोन्हीकडे.

आधी तारीख, मग तिकीट

सगळ्यात मोठी बचत इथे आहे, आणि तीच लोक हातची घालवतात.

दिवाळीच्या सुट्टीत व्हिएतनामला जाऊ, असं ठरतं. त्या दिवसांत मुंबईहून निघणारी सगळीच तिकिटं चढलेली असतात. शिवाय ऑक्टोबर-नोव्हेंबर हा हुए, दा नांग आणि होई आन या मधल्या पट्ट्याचा मुसळधार पावसाचा काळ. होई आनच्या जुन्या गावात तेव्हा नदीचं पाणी रस्त्यांवर येतं. म्हणजे दुप्पट भाडं भरून छत्रीखाली फिरायचं. मेमध्ये ऊन आपल्यासारखंच भाजतं, आणि भाडंही सुट्टीचंच असतं.

तिकडचे सणही बघावे लागतात. टेट हे त्यांचं चांद्र नववर्ष साधारण २१ जानेवारी ते २० फेब्रुवारी या काळात कधीही येतं. त्या आठवड्यात सगळा देश गावी जातो, रेल्वे आणि बस भरलेल्या असतात, लहान खानावळी बंद असतात आणि उघड्या असतात त्यांचे दर वाढलेले असतात. ३० एप्रिल हा त्यांचा राष्ट्रीय एकीकरणाचा दिवस आणि १ मे कामगार दिन, ही जोडसुट्टी. २ सप्टेंबर राष्ट्रीय दिन. हे दिवस टाळा.

उरतं काय? टेट उरकल्यावर ते एप्रिलच्या मध्यापर्यंतचा काळ. उत्तरेतली थंडी ओसरलेली, मध्य भाग कोरडा, दक्षिण गरम पण सुसह्य. शाळकरी मुलं असतील तर परीक्षा संपल्या संपल्या, २५ एप्रिलच्या आत परत येता येईल असं बसवा. मुलं नसतील किंवा मोठी झाली असतील, तर मार्च.

तिकीट

मुंबईहून हनोई आणि हो ची मिन्ह सिटी (जुनं नाव सायगॉन, आजही सर्रास चालतं) या दोन्ही शहरांना थेट विमानं आहेत. उतरायचं हनोईला आणि परतायचं सायगॉनहून, असं तिकीट बघा. देश लांबट आहे आणि दोन शहरांमधला रेल्वेमार्ग १,७२६ किलोमीटरचा आहे. जाण्या-येण्याचं तिकीट हनोईचंच काढलंत तर शेवटी तेवढं अंतर उलटं कापायचे पैसे लागतात आणि एक दिवसही जातो.

बँकॉक किंवा क्वालालंपूरला उतरून दुसरं विमान धरायचं, हे स्वस्त दिसतं. पण दोन वेगळी तिकिटं असतील आणि पहिलं विमान उशिरा पोचलं तर दुसऱ्याचे पैसे बुडाले. बॅग पुन्हा घ्यायची, पुन्हा द्यायची, मधल्या देशाचे प्रवेशाचे नियम पाळायचे. पहिल्या सहलीला हा व्याप नको.

आणि बॅग. स्वस्त विमान कंपन्या हातातल्या सामानाला ७ किलोच देतात आणि गेटवर खरंच वजन करतात. चेक-इन बॅगेचे पैसे घरबसल्या भरले तर कमी, काउंटरवर भरले तर बरेच जास्त. मला विचाराल तर दोघांत मिळून एकच चेक-इन बॅग विकत घ्या. कपडे चार दिवसांचे पुरतात, कारण व्हिएतनाममध्ये जवळपास प्रत्येक गल्लीत किलोवर कपडे धुऊन देणारे असतात. किलोला तीस-चाळीस हजार डाँग (हे तिथलं चलन), म्हणजे सव्वाशेच्या आसपास रुपये. सकाळी टाकले की संध्याकाळी घडी घालून परत.

व्हिसा स्वतः काढायचा

ई-व्हिसाची सरकारी फी एकदा प्रवेशाला २५ डॉलर, अनेकदा प्रवेशाला ५०. १५ ऑगस्ट २०२३ पासून तो ९० दिवसांपर्यंतचा मिळतो. गंमत अशी की शोधायला गेलात तर पहिल्या चार निकालांत सरकारी साइट दिसेलच असं नाही. सरकारी वाटावीत अशी नावं आणि झेंडे लावलेल्या खासगी साइट दुप्पट-तिप्पट पैसे घेऊन तोच अर्ज तुमच्या वतीने भरतात. पत्त्याच्या शेवटी ‘डॉट गव्ह डॉट व्हीएन’ आहे का, एवढं बघा.

लागतं काय: पासपोर्टच्या पानाचा स्वच्छ फोटो, चष्म्याशिवाय काढलेला चेहऱ्याचा फोटो, पहिल्या मुक्कामाचा पत्ता आणि कुठून आत शिरणार ते ठिकाण. अर्ज फेटाळला गेला तरी फी परत मिळत नाही, म्हणून जन्मतारीख आणि पासपोर्ट क्रमांक दुसऱ्याकडून वाचून घ्या. कागदोपत्री तीन कामाचे दिवस लागतात, पण निदान दोन-तीन आठवडे हाताशी ठेवा. ऐन वेळी ‘अर्जंट’ करून देणारे भेटतात, त्यांचा धंदाच तुमच्या उशिरावर चालतो. मंजूर झालेल्या व्हिसाची छापील प्रत सोबत हवी.

रुपये, डॉलर, डाँग

आता खरी गळती. ती दिसत नाही म्हणून इथे जरा सावकाश.

आपल्या बहुतेक बँकांचं साधं डेबिट किंवा क्रेडिट कार्ड परदेशात वापरलं की सुमारे साडेतीन टक्के मार्कअप (चलन बदलण्याची जादा आकारणी) आणि त्या मार्कअपवर १८ टक्के जीएसटी लागतो. एक लाख खर्च केलेत तर ३,५०० अधिक ६३०, म्हणजे ४,१३० रुपये नुसते हवेत. दोघांच्या दोन-तीन दिवसांच्या हॉटेलाचे पैसे आहेत हे. मार्कअप न लावणारी कार्डं काही बँका देतात. निघण्याच्या महिनाभर आधी असं एक कार्ड काढून ठेवा.

मग ‘फॉरेक्स कार्ड’, म्हणजे आधीच परकी चलन भरून ठेवलेलं कार्ड, घेऊ का, असा प्रश्न येतो. विकणारा ते डॉलर भरून देतो, कारण डाँग त्यात भरता येत नाहीत. तिथे पैसे डाँगमध्ये कापले जाताना पुन्हा चलनबदलाची फी लागते. रुपयाचा डॉलर, डॉलरचा डाँग, दोन्ही वेळा कात्री. युरोप-अमेरिकेला हे कार्ड ठीक आहे, व्हिएतनामसाठी ही फी माफ असेल तरच घ्या.

कार्ड कोणतंही असो, बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार चालू करावे लागतात. रिझर्व्ह बँकेच्या नियमाने ऑक्टोबर २०२० पासून नवी कार्डं फक्त देशांतर्गत वापरासाठीच सुरू करून दिली जातात. हनोईत एटीएमसमोर उभं राहून हे आठवण्यात मजा नाही.

एटीएमचं मशीन किंवा दुकानातलं यंत्र कधी विचारतं: पैसे रुपयांत कापू की डाँगमध्ये? रुपये ओळखीचे वाटतात म्हणून लोक ते बटण दाबतात. नेहमी डाँग. रुपये निवडलेत की दर ते मशीन ठरवतं, आणि तो तुमच्या बाजूचा नसतो. प्रत्येक वेळी पैसे काढताना तिथली बँक वेगळी फी घेऊ शकते आणि इथलीही. त्यामुळे रोज थोडे काढण्यापेक्षा दोन-तीनदाच मोठी रक्कम काढा.

रोख डॉलर थोडे हवेतच, माणशी दोनशे पुरेत. शंभराच्या, कोऱ्या, घडी न पडलेल्या नोटा मागून घ्या. मोठ्या नोटेला तिकडे दर बरा मिळतो आणि पेनाची रेघ असलेली नोट सरळ परत करतात. मुंबई विमानतळावर घेऊ नका. शहरात दोन-तीन ठिकाणी दर विचारा, नेटवरच्या दराशी ताडून बघा. चलन विकत घेताना जीएसटी कमीत कमी ४५ रुपये लागतो, म्हणून तुकड्या-तुकड्यांत घेणंही महाग. तिकडे बदलताना बँक किंवा परवाना असलेलं दुकानच धरा.

डाँगचा हिशेब सोपा आहे. शेवटची तीन शून्यं काढा आणि साडेतीनने गुणा. ५०,००० डाँग म्हणजे १७५ रुपये. लाखाची नोट साडेतीनशेची. फसगत मात्र रंगाने होते: २०,००० आणि ५,००,००० या दोन्ही नोटा निळसर प्लास्टिकच्या. एक सत्तर रुपयांची, दुसरी साडेसतराशेची. रिक्षाच्या उजेडात दोन्ही सारख्याच दिसतात, म्हणून पाच लाखाच्या नोटा पाकिटाच्या वेगळ्या कप्प्यात.

उतरल्यावरचा पहिला तास

दमलेला माणूस पैसे मोजत नाही, हे विमानतळाबाहेर उभ्या असलेल्या प्रत्येकाला माहीत असतं. हनोईच्या नोई बाई विमानतळावरून ८६ क्रमांकाची बस जुन्या वस्तीकडून रेल्वे स्टेशनपर्यंत जाते, तिकीट ४५,००० डाँग. रात्री उशिरा उतरलात तर बस नसते. मग ग्रॅब ॲपवरून गाडी बोलवा, भाडं आधी दिसतं. ‘ग्रॅब, ग्रॅब’ म्हणत हात धरणारे वेगळे, त्यांच्याकडे बघू नका. ॲप मुंबईतच उतरवून त्यावर खातं उघडा, कारण पडताळणीचा संदेश भारतीय नंबरवर येतो.

सिमकार्ड विमानतळापेक्षा शहरात स्वस्त. फोनमध्ये ई-सिम चालत असेल तर घरूनच घ्या. डोंगराळ भागात जाणार असाल तर व्हिएटेलचं जाळं भरवशाचं.

राहणं आणि खाणं

वसतिगृहातली एक खाट सहा ते दहा डॉलरला, दोघांची साधी स्वच्छ खोली पंधरा ते वीसला मिळते. दोघं असाल तर खाटा दोन घेण्यात काही वाचत नाही, खोलीच घ्या. पहिल्या दोन रात्री आधी ठरवा आणि पुढच्या रात्री ‘मोफत रद्द’ अटीवर. नाश्ता धरून मिळणारी खोली शाकाहाऱ्यांना परवडते, कारण अंडी, पाव, फळं, कॉफी यांवर दुपारपर्यंत निभतं. खोलीत पाणी तापवायची किटली बहुधा असते. पुढचं तुम्हाला सांगायला नको: मेतकूट, भडंग, थेपले, चहाचे पुडे. पण एक विनंती, दहाही दिवस तेच खाऊ नका. स्वतःच्या देशाचं जेवण पाठीवर वाहून नेणं ही बचत नव्हे, कारण तिथलं रस्त्यावरचं जेवण त्याहून फार महाग नाही.

फोची, म्हणजे तांदळाच्या शेवयांच्या सूपची, वाटी चाळीस ते साठ हजार डाँगला. ‘फो गा’ म्हणजे कोंबडीची, ‘फो बो’ म्हणजे गोमांसाची. हे दोन शब्द पाठ असू द्यात. बान्ह मी, म्हणजे फ्रेंचांच्या पावात भरलेलं त्यांचं सँडविच, वीस ते पस्तीस हजारांत. शाकाहाऱ्यांनी पाटीवर रोमन लिपीतली सी-एच-ए-वाय ही अक्षरं शोधायची: ‘चाय’ म्हणजे शाकाहारी जेवण. ‘कोम चाय’ लिहिलेल्या खानावळीत भात, टोफू, भाज्या ताटभर मिळतात, तेही पन्नास हजारांच्या आसपास. बौद्ध घरांतले बरेच लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या आणि पंधराव्या तिथीला मांसाहार करत नाहीत, त्या दिवशी अशा खानावळी भरलेल्या दिसतील. इतर ठिकाणी नुसतं ‘भाजी द्या’ म्हणून भागत नाही, माशाचा सॉस बहुतेक सगळ्यात असतो. ‘तोई आन चाय’ म्हणा, मी शाकाहारी आहे असा त्याचा अर्थ.

भारतीय हॉटेलं हनोई, दा नांग, सायगॉन सगळीकडे आहेत. पण एका पनीरच्या भाजीत तिथली तीन-चार जेवणं होतात. कंटाळा आला की एकदा जा, रोज नको.

नळाचं पाणी पिऊ नका. छोट्या बाटल्यांऐवजी पाच लिटरचा कॅन घ्या आणि त्यातून आपल्या बाटल्या भरा.

फिरताना

दहा दिवसांत हनोई, निन्ह बिन्ह, हुए, होई आन आणि सायगॉन एवढं पुष्कळ झालं. यात उत्तरेच्या डोंगरातलं सापा आणि दक्षिणेचं फू क्वोक बेट घुसवलेत की पैसे रस्त्यावरच जातात. एक ठिकाण कमी केलं की एक प्रवास, एक टॅक्सी आणि अर्धा दिवस वाचतो. दुसरी कुठलीही युक्ती एवढं वाचवत नाही.

निन्ह बिन्ह हनोईपासून रेल्वेने दोन-सव्वादोन तासांवर. तिथल्या ट्रांग आनची होडीची फेरी अडीच लाख डाँगची, म्हणजे पावणेनऊशे रुपये, आणि ती वसूल होते: चुनखडीच्या डोंगरांमधून, गुहांमधून तीनेक तास वल्हवत नेतात. ‘हा लाँग’ उपसागराची हनोईहून एका दिवसाची घाईची सहल मला पैशाच्या मानाने फिकी वाटते. सकाळ-संध्याकाळ मिळून निम्मा दिवस बसमध्ये जातो. तेच डोंगर समुद्रात बघायचे असतील तर कॅट बा बेटावर एक रात्र राहा आणि तिथून लान हा उपसागराची होडी घ्या.

हनोई ते हुए रात्रीची रेल्वे. चार बर्थच्या डब्यापेक्षा सहा बर्थचा स्वस्त, त्यातही सगळ्यात वरचा बर्थ सर्वात स्वस्त, पण तिथे धड बसता येत नाही. रात्रीच्या प्रवासाने हॉटेलची एक रात्र वाचते, हे खरं. पण अशा रात्री दोन-तीन लागोपाठ ठेवल्यात तर चौथ्या दिवशी झोपण्यासाठीच खोली घ्यावी लागते. एकदाच करा. तिकीट रेल्वेच्या स्वतःच्या साइटवर किंवा स्टेशनच्या खिडकीवर घ्या, मधले दलाल वर पैसे लावतात.

हुए ते दा नांग मात्र दिवसाच्या गाडीने जा. हाय व्हान घाटात रूळ समुद्राच्या कडेने जातात. खिडकी डावीकडची, तिकीट अगदी किरकोळ. टॅक्सीवाला याच रस्त्याचे कैक पट घेतो.

होई आनपासून तासाभरावर ‘मी सोन’ नावाचं ठिकाण आहे. चंपा राज्यातली, शतकानुशतकं बांधली गेलेली विटांची शिवमंदिरं. तिकीट साधारण दीड लाख डाँग. आपल्याकडचा माणूस तिथे उगाच अर्धा तास जास्त रेंगाळतो. गट-सहलीत जागा घेणं स्वतंत्र गाडीपेक्षा स्वस्त पडतं.

स्कूटर दिवसाला चारपाचशे रुपयांत भाड्याने मिळते आणि परवाना कोणी विचारत नाही. तरी घेऊ नका. भारतात मिळणारा आंतरराष्ट्रीय परवाना १९४९ च्या करारानुसारचा, व्हिएतनाम १९६८ च्या कराराचा मानतं. म्हणजे कायद्याने तुम्ही विनापरवाना. पोलिसांचा दंड सोडा, अपघात झाला तर प्रवास विमाही हात वर करतो आणि दवाखान्याचं बिल सगळी सहल खाऊन टाकतं. होई आनमध्ये सायकल, शहरांत ग्रॅबची बाइक, हेल्मेटसकट. प्रवास विमा काढायला विसरू नका, सहलीच्या मानाने तो किरकोळ खर्च आहे.

घासाघीस बाजारात करा, सायगॉनच्या बेन थान्ह बाजारासारख्या ठिकाणी तर निम्म्यापासून सुरुवात करा. खाण्याच्या गाडीवर करू नका, तिथे पाटीवर दर असतो किंवा शेजारी बसलेला काय देतो ते दिसतं. हनोईत टोपल्यांची कावड खांद्यावर देऊन फोटो काढू देणाऱ्या बायका नंतर पैसे मागतात. नको असेल तर कावडीला हातच लावू नका.

अंदाजपत्रक

माणशी दिवसाला: खोलीचा अर्धा हिस्सा अडीच लाख डाँग, खाणं अडीच लाख, शहरातलं फिरणं एक लाख, प्रवेश तिकिटं सरासरी दीड लाख. एकूण साडेसात लाख, म्हणजे २,६०० रुपयांच्या थोडं वर. शहरांमधल्या प्रवासाचे सगळे मिळून माणशी नऊ-दहा हजार धरा, त्यात दा नांग ते सायगॉनचं देशांतर्गत विमान आलं. व्हिसा, विमा, सिम यांचे वेगळे. उरलं मुंबईचं विमान, आणि ते तुम्ही कोणती तारीख धरलीत त्यावर. पुण्याहून निघणाऱ्यांनी विमानतळाच्या टॅक्सीचाही हिशेब यात धरावा. एकट्याने टॅक्सी केली तर व्हिएतनाममधल्या एका दिवसाएवढे पैसे खंडाळ्याच्या घाटात जातात. दादरपर्यंत शिवनेरी आणि तिथून पुढे टॅक्सी, हे बरं.

शेवटचे दोन दिवस एटीएमकडे जाऊ नका. डाँग भारतात कोणी धड दराने घेत नाही. सायगॉनच्या हॉटेलचं बिल आहे तेवढ्या रोखीने द्या, कमी पडेल ते कार्डावर टाका. विमानतळाच्या गाडीपुरते आणि एका कॉफीपुरते तेवढे खिशात ठेवा.